घराण्यातून येणारा धोका: स्त्रियांच्या गाठी, जनुकं आणि माहेरची वंशावळ



नववीला 'आनुवंशिकता व परिवर्तन' आणि दहावीला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पाठ आपण दरवर्षी घेतो. मेंडेलचा वाटाणा, उंच आणि बुटकी झाडं, सिकलसेल, वर्णकहीनता हे सगळं मुलं पाठ करतात, गुणही मिळवतात. पण पाठ संपला की खरा प्रश्न येतो, आणि तो बहुधा मुलींकडून येतो: "माझ्या आजीला आणि मावशीला पोटाच्या गाठीचा आजार होता. मग आईला होईल का? मला होईल का?"

या प्रश्नाला "काही होत नाही, तू अभ्यास कर" हे उत्तर पुरत नाही. "होय, होणारच" हे उत्तर तर चुकीचंच आहे. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे आणि ते दहावीच्या गणिताएवढंच सोपं आहे. आजच्या पाठाचा विषय तोच: स्त्रियांच्या जननेंद्रियांतल्या कोणत्या गाठींचा धोका घराण्यातून येतो, कसा येतो, आणि तो कळला तर काय करता येतं.

१. आधी शब्द नीट समजून घेऊ

गाठ म्हटलं की आपल्याकडे एकदम कॅन्सर डोळ्यांपुढे येतो. पण गाठी दोन प्रकारच्या असतात. एक साधी गाठ. ती जागच्या जागी वाढते, शरीरभर पसरत नाही. गर्भाशयातले फायब्रॉइड हे याचं नेहमीचं उदाहरण. पस्तिशी-चाळिशीतल्या कितीतरी बायकांना ते असतात आणि त्रास नसेल तर त्यांना हातही लावावा लागत नाही. दुसरी कर्करोगाची गाठ. ती आजूबाजूला घुसते आणि रक्तातून, लसिकेतून दूरच्या अवयवांत जाते.

स्त्रीच्या ओटीपोटातले अवयव पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे डोळ्यांपुढे आणा: दोन अंडाशय, दोन अंडनलिका, मधोमध गर्भाशय, त्याच्या आतलं अस्तर, आणि खाली गर्भाशयाचं तोंड म्हणजे गर्भाशयमुख. "पिशवीचा कॅन्सर" हा आपल्याकडचा बोलण्यातला शब्द यांतल्या कशालाही वापरला जातो. पण अस्तराचा, मुखाचा आणि अंडाशयाचा कर्करोग हे तीन वेगळे आजार आहेत. त्यांची कारणं वेगळी, तपासण्याही वेगळ्या. इथे गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं.

२. सगळे कर्करोग घराण्यातून येत नाहीत

हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं. सगळे कर्करोग मिळून पाहिले तर जन्मतः आलेल्या जनुकदोषामुळे होणारे शंभरात साधारण ५ ते १०. बाकीचे वय, तंबाखू, विषाणू, लठ्ठपणा आणि निव्वळ योगायोग यांतून होतात.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा तर मुख्यतः विषाणूचा आजार आहे. एचपीव्ही नावाचा विषाणू वर्षानुवर्षं तिथे टिकून राहिला की तो होतो. म्हणून तो लसीनं टाळता येतो आणि तपासणीनं वेळेत पकडता येतो. याचा मोठा पुरावा आपल्याच मराठवाड्यातून आला, हे मुलांना आवर्जून सांगा. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा झाली तरी त्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरचे डॉक्टर आज या अभ्यासाचा दाखला देतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली 'सर्व्हाव्हॅक' ही लसही आता मिळते. ९ ते १४ वयात तिचे दोन डोस पुरतात.

अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग मात्र वेगळा. तिथे घराण्याचा वाटा मोठा असू शकतो. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या शंभर स्त्रियांमध्ये साधारण १५ ते २० जणींच्या शरीरात जन्मापासूनचा जनुकदोष सापडतो. अस्तराच्या कर्करोगात हे प्रमाण शंभरात ३ च्या आसपास आहे. आजचा पाठ या स्त्रियांचा आणि त्यांच्या लेकी, बहिणी, भाच्यांचा आहे.

३. जनुक बिघडतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि त्यांवर साधारण २० हजार जनुकं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. यांतल्या काही जनुकांचं काम दुरुस्तीचं असतं. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका होतात, डीएनए तुटतोही. दुरुस्तीवाली जनुकं ते सांधतात.

मुलांना सायकलचं उदाहरण द्या. सायकलला दोन ब्रेक असतात. एक तुटला तरी दुसऱ्यावर भागतं. सर्वसाधारण माणूस दोन्ही ब्रेक चांगले घेऊन जन्माला येतो. एकाच पेशीतले दोन्ही ब्रेक तुटायला बहुधा बरीच वर्षं लागतात, म्हणून कर्करोग बहुतेक उतारवयात होतो. ज्या घराण्यात दोष आहे तिथल्या मुलीला एक ब्रेक जन्मापासूनच तुटलेला मिळतो, तोही शरीरातल्या प्रत्येक पेशीत. आता एका पेशीतला दुसरा तुटला की झालं. म्हणून अशा घरात आजार लवकर दिसतो, चाळिशीत, कधी तिशीतही. आल्फ्रेड नुडसन या शास्त्रज्ञानं १९७१ साली 'दोन आघात' ही कल्पना मांडली, ती हीच.

एक मुद्दा इथे पक्का करा. वारशानं कर्करोग येत नाही, कर्करोगाचा वाढलेला धोका येतो. दोष असलेल्या काही बायका ऐंशी वर्षं जगतात आणि त्यांना काही होत नाही.

४. मुख्य सिंड्रोम कोणते?

सिंड्रोम म्हणजे एकाच कारणातून एकत्र दिसणाऱ्या लक्षणांचा किंवा आजारांचा गट.

*स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा आनुवंशिक सिंड्रोम.* यात बीआरसीए-१ (१७ व्या गुणसूत्रावर) किंवा बीआरसीए-२ (१३ व्या गुणसूत्रावर) या जनुकात दोष असतो. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली पहिल्याचा पत्ता १७ व्या गुणसूत्रावर लावला. १९९४ आणि १९९५ साली ही दोन्ही जनुकं प्रत्यक्ष हाती लागली. एरवी आयुष्यभरात शंभर बायकांत साधारण एखादीला अंडाशयाचा कर्करोग होतो. बीआरसीए-१ चा दोष असेल तर शंभरात ४० ते ६०, आणि बीआरसीए-२ चा असेल तर साधारण १५ ते ३०. स्तनाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींत ६० च्या वर जातो. हे आकडे प्रामुख्यानं पाश्चात्त्य कुटुंबांच्या अभ्यासातले आहेत, पण सल्ल्यासाठी आपल्याकडेही तेच धरतात. पुरुषांतही हा दोष असतो. त्यांना प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा आणि क्वचित स्तनाचाही कर्करोग होऊ शकतो.

*लिंच सिंड्रोम.* यात नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांत दोष असतो. मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग हे त्यातले दोन मुख्य आजार, अंडाशयाचा धोकाही वाढतो. कोणतं जनुक बिघडलंय त्यानुसार अस्तराच्या कर्करोगाचा धोका शंभरात १५ पासून ५० पर्यंत असतो. याचा शोध कसा लागला ते ऐकण्यासारखं आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. वॉर्थिन यांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं, की आमच्या घरात सगळे आतड्याच्या, पोटाच्या नाहीतर बायकांच्या आजारानं जातात, मीही तशीच जाणार. पुढे ती गर्भाशयाच्या कर्करोगानं गेली. डॉक्टरांनी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. तिच्या घराण्याची नोंद केली आणि १९१३ साली ती छापली. पुढे हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अशी घराणी अभ्यासली, म्हणून हे नाव. जनुक म्हणजे काय हे कुणालाच धड माहीत नव्हतं, तेव्हा एका शिवणाऱ्या बाईनं आपल्या घरावरून हे ओळखलं होतं.

*क्वचित दिसणारे सिंड्रोम.* हे थोडक्यात पाहू.

- काउडेन सिंड्रोम: स्तन, थायरॉइड आणि गर्भाशयाचं अस्तर यांचा धोका. डोक्याचा घेर मोठा असतो.
- प्यूट्झ-येगर्स सिंड्रोम: लहानपणापासून ओठांवर आणि तोंडाच्या आत काळे-निळसर ठिपके, आतड्यात गाठी, त्यामुळे पोटात कळा. मुलींमध्ये पुढे अंडाशयाच्या गाठी आणि गर्भाशयमुखाचा एक दुर्मीळ कर्करोग. हा कर्करोग एचपीव्हीमुळे होत नाही, हे वरच्या नियमाला अपवाद म्हणून लक्षात ठेवा.
- डायसर-१ सिंड्रोम: किशोरवयात अंडाशयाची गाठ. पाळी थांबणं, आवाज जाड होणं, चेहऱ्यावर केस येणं अशी लक्षणं दिसू शकतात. सोबत गळ्याला गाठ.
- फ्यूमरेट हायड्रेटेज या जनुकाचा दोष: ऐन तरुणपणी गर्भाशयात खूप फायब्रॉइड, त्वचेवर दुखऱ्या पुळ्या, आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका. फायब्रॉइड असलेल्या बहुसंख्य बायकांचा याच्याशी काही संबंध नसतो.

शिक्षकांनी यावरून वर्गात निदान करायचं नाही. पण एखाद्या मुलीची अशी लक्षणं लक्षात आली तर आईला शांतपणे "एकदा डॉक्टरांना दाखवा" एवढं सांगणं आपल्या हातात आहे.

५. एक उदाहरण सोडवू

हे कुटुंब काल्पनिक आहे. आजीला ५२ व्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग झाला. तिला तीन मुलं: मावशी, मामा आणि आई. मावशीला ४१ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. तपासणीत तिला बीआरसीए-१ चा दोष निघाला. मामा ठणठणीत आहे. आईही ठणठणीत आहे. मामाला एक मुलगी, आईला एक मुलगी. या दोघींचा धोका किती?

हा दोष प्रभावी पद्धतीनं येतो, म्हणजे एकच बिघडलेली प्रत पुरते. सिकलसेलमध्ये आजार व्हायला दोन्ही पालकांकडून दोष यावा लागतो, इथे तसं नाही. दोष असलेल्या पालकाकडून प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. म्हणून आजीकडून मामाला ½ आणि आईला ½. तिथून पुढे मामाच्या मुलीला ½ × ½ = ¼ आणि आईच्या मुलीलाही ¼.

आता आईनं तपासणी केली आणि तिच्यात दोष नाही असं निघालं, तर तिच्या मुलीपर्यंत हा दोष पोचूच शकत नाही. तो एक पिढी सोडून पुढे उडी मारत नाही. आणि मामाला दोष निघाला तर? मामाला अंडाशय नाही, म्हणून घरात "हा तर सुटला" असं धरतात. पण त्याच्या मुलीचा धोका ¼ वरून ½ वर गेला. आत्याचा आजार भाचीपर्यंत येतो तो असा, मधल्या निरोगी बापाकडून.

मुलं इथे हमखास एक चूक करतात. "चार भावंडं आहेत, म्हणजे दोघांना होणार." तसं नाही. प्रत्येक वेळी नाणं नव्यानं उडतं. चौघांनाही येऊ शकतं, एकालाही नाही असंही होऊ शकतं.

६. आपल्या वंशावळीत बायका कुठे आहेत?

कुणबी नोंदींच्या निमित्तानं २०२३ पासून आपल्या अंबड तालुक्यात घरोघर वंशावळी काढल्या गेल्या. खापर पणजोबांपर्यंतची नावं लोकांनी शोधून काढली. जुने कागद बाहेर आले, म्हाताऱ्या माणसांना विचारलं गेलं. शोधायचं ठरवलं की चार-पाच पिढ्या हाती लागतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पण त्या वंशावळी वडिलांच्या बाजूच्या होत्या. सून त्यात नाही, आणि दिलेल्या लेकी बहुतेक ठिकाणी गळाल्या. सरकारी कामापुरतं ते ठीक. आरोग्यासाठी मात्र हीच वंशावळ अर्धी आहे. जनुकं सासर-माहेर पाहत नाहीत. निम्मी जनुकं आईकडची आणि आईची निम्मी तिच्या आईकडची.

दुसरी अडचण शब्दांची. आपल्या जुन्या बायका कशानं गेल्या हे विचारलं तर उत्तरं येतात: "पोटात पाणी झालं होतं", "अंगावर जायचं", "गोळा उठला होता", "बाईचं दुखणं होतं", "करणी केली होती". पोटात पाणी हे यकृताच्या आजारानंही होतं, आणि अंडाशयाच्या कर्करोगाचंही ते नेहमीचं लक्षण आहे. म्हणून नुसता शब्द ऐकून थांबू नये. वय काय होतं, कुठल्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं का, तुकडा तपासायला पाठवला का, घरात एखादी जुनी फाइल आहे का, हे विचारावं. पत्र्याच्या पेटीतली जुनी डिस्चार्ज चिठ्ठी इथे सोन्याच्या मोलाची ठरते.

तिसरी अडचण लपवण्याची. मुलीचं लग्न जमायचं असतं, म्हणून मावशीचा आजार घराबाहेर जाऊ देत नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. पण त्या लपवण्याची किंमत पुढे त्याच मुलीला मोजावी लागते.

घरी काढायची आरोग्याची वंशावळ अशी असावी:

- आई आणि वडील, दोन्ही बाजू. आजी-आजोबा, मामा, मावशी, काका, आत्या, त्यांची मुलं.
- पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी गोल.
- कर्करोग झालेल्यांचं चिन्ह काळं करायचं, बाजूला अवयव आणि तेव्हाचं वय लिहायचं.
- ज्यांना काही झालं नाही त्यांचंही वय लिहायचं. तीही माहितीच आहे.
- नात्यातलं लग्न असेल तर दोन रेषांनी जोडायचं.

७. आपल्या भागातला खरा प्रश्न: भीती आणि पिशवी

शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडली की गेवराई तालुका लागतो, म्हणजे बीड जिल्हा. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं अनेक होती: पाळीत काम बुडतं, खाडा पडतो, फडात ना पाणी ना आडोसा. पण कितीतरी बायकांनी एक कारण सांगितलं, ते म्हणजे "कॅन्सर होईल अशी भीती घातली". अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, एवढ्यावरून.

नदीच्या अलीकडचेही कितीतरी जण ऊसतोडीला जातात, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. आजच्या पाठाशी त्याचा संबंध असा. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं आणि ते औषधानं बरं होतं. आनुवंशिक कर्करोगाशी त्याचा संबंध नाही. दुसरं, जिच्या घराण्यात बीआरसीएचा दोष आहे तिचा मुख्य धोका अंडाशयात आणि अंडनलिकेत आहे. नुसतं गर्भाशय काढून तो धोका जात नाही. म्हणजे आपल्याकडे दोन्ही बाजूंनी उलटं झालं. जिला धोका नव्हता तिची पिशवी पंचविशी-तिशीत गेली, आणि जिच्या घरात आजी, मावशी, आत्या एकाच आजारानं गेल्या तिला कुणी काही विचारलंच नाही.

म्हणून पालकांनी हे मनात पक्कं धरावं: धोका किती आहे हे भीती ठरवत नाही. घरातल्या आजारांचा इतिहास आणि त्यावरून केलेली तपासणी ठरवते. आणि तुकडा तपासल्याशिवाय कुणी "कॅन्सर होईल, उद्याच ऑपरेशन करा" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क प्रत्येक बाईला आहे.

८. तपासणीचा विचार कोणी करावा?

घरात, एकाच बाजूच्या रक्ताच्या नात्यात, पुढच्यापैकी काही असेल तर:

- कुणालाही, कोणत्याही वयात अंडाशयाचा कर्करोग.
- पन्नाशीच्या आत स्तनाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग.
- दोन्ही स्तनांत कर्करोग, किंवा पुरुषाला स्तनाचा कर्करोग.
- एकाच माणसाला दोन वेगवेगळे कर्करोग.
- दोन-तीन जवळच्या नातेवाइकांना यांपैकी आजार.

तपासणी रक्ताची किंवा लाळेची असते. ती शक्यतो आधी आजार झालेल्या व्यक्तीची करतात. तिच्यात दोष सापडला की बाकीच्यांना तेवढाच एक बदल तपासावा लागतो, खर्चही कमी येतो. लिंच सिंड्रोमची पहिली चाळणी तर काढलेल्या गाठीच्या तुकड्यावरच होते. म्हणून ऑपरेशननंतर तुकड्याचा रिपोर्ट आणि ठोकळा जपून ठेवायला सांगावं.

उत्तर तीन प्रकारचं येतं: दोष आहे, दोष नाही, किंवा बदल दिसतो पण त्याचा अर्थ अजून लागलेला नाही. तिसऱ्या उत्तरावर कोणतंही ऑपरेशन करायचं नसतं. म्हणूनच तपासणीच्या आधी आणि नंतर जनुकीय समुपदेशन हवं. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि त्याचंच खारघरचं केंद्र इथे कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी स्वतंत्र विभाग आहे. आपल्याला जवळचं म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. तिथून पुढे कुठे जायचं ते सांगतात. कर्करोगाच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सुरुवात गावातल्या आशाताईंपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून केली तरी चालते, फक्त वंशावळीचा कागद सोबत न्यावा.

९. दोष निघाला तर पुढे काय?

पुष्कळ काही करता येतं, म्हणून तर तपासायचं.

बीआरसीएच्या दोषात, मुलं होऊन संसार पूर्ण झाल्यावर दोन्ही अंडाशय आणि अंडनलिका काढण्याचा सल्ला देतात. बीआरसीए-१ असेल तर साधारण ३५ ते ४० या वयात, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५. यानं अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो. पण पाळी एकदम बंद होते, अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात. त्यामुळे हा निर्णय सावकाश, सगळं समजून घ्यायचा. स्तनांसाठी वर्षातून एकदा एमआरआय आणि वयानुसार मॅमोग्राफी करतात.

लिंच सिंड्रोममध्ये दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी करतात. चाळिशीच्या आसपास, मुलं झाल्यावर, गर्भाशय आणि अंडाशय काढण्याचा पर्याय असतो. म्हणजे गर्भाशय काढणं कधीच बरोबर नसतं असं नाही. कुणाचं, कधी आणि कशासाठी, हे महत्त्वाचं.

आजार आधीच झालेला असेल तरी हे कळण्याचा उपयोग आहे. बीआरसीएच्या दोषातून झालेल्या कर्करोगावर ओलापॅरिबसारखी खास औषधं चालतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सर्वसाधारण बायकांमध्ये अंडाशयाचा कर्करोग सोनोग्राफीनं किंवा रक्ताच्या चाचणीनं लवकर पकडून जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या अभ्यासानं २०२१ साली हेच दाखवलं. म्हणून लक्षणांकडे लक्ष हवं. पोट सतत फुगलेलं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं हे दोन-तीन आठवडे रोज होत असेल, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर "गॅस झाला असेल" म्हणून बसू नये.

१०. नात्यातली लग्नं

मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक आपल्याकडे नवी नाही. वर पाहिलेले दोष एका प्रतीनंच धोका वाढवतात, त्यामुळे नात्यात लग्न केलं नाही म्हणून ते टळत नाहीत. पण दोष असलेल्या एकाच घराण्यातली दोघं नवरा-बायको झाली तर दोघांकडेही तोच दोष असू शकतो. मग प्रत्येक मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता ¼. लिंचच्या बाबतीत अशा मुलांना बालवयातच मेंदूचा, रक्ताचा किंवा आतड्याचा कर्करोग होऊ शकतो. बीआरसीए-२ च्या बाबतीत फॅन्कोनी ॲनिमिया हा गंभीर आजार होतो. ज्या घरात असा दोष माहीत आहे त्यांनी सोयरीक ठरवण्याआधी सल्ला घ्यावा.

११. वर्गात कसं घ्यावं?

वर्गात मुलांना स्वतःच्या घरातले आजार सांगायला लावू नका. कुणाची आई आत्ता उपचार घेत असेल, कुणी दत्तक असेल. वरचं काल्पनिक कुटुंब फळ्यावर काढा आणि प्रत्येकाच्या हातात रुपयाचं नाणं द्या. छापा म्हणजे दोष आला, काटा म्हणजे नाही आला. आजीपासून सुरुवात करून प्रत्येक अपत्यासाठी एकदा नाणं उडवायचं. मावशीचा छापा धरूनच चालायचं, बाकीच्यांचं नाणं ठरवेल. ज्याच्या नाण्यावर काटा आला त्याच्या मुलांसाठी नाणं उडवायचंच नाही. वर्गातल्या प्रत्येक गटाची वंशावळ वेगळी निघते, आणि निम्मी शक्यता म्हणजे काय ते मुलांना हातानं कळतं. मुलांनाही मुलींइतकंच हे शिकवा. उद्या तेच मामा आणि बाप होणार आहेत.

१२. पालकांचे नेहमीचे प्रश्न

*माझ्या मुलीची तपासणी आत्ताच करावी का?* बीआरसीए आणि लिंचसाठी १८ वर्षांआधी करू नये असाच सल्ला असतो. त्या वयात त्यावर करण्यासारखं काही नसतं, आणि मोठं झाल्यावर स्वतः ठरवण्याचा हक्क तिचा असतो. प्यूट्झ-येगर्स किंवा डायसर-१ सारखे सिंड्रोम लहानपणीच दिसतात, तिथे डॉक्टर लवकर तपासणी सुचवतात.

*मुलगी बापासारखी दिसते, मग आईकडचा दोष आला नसेल ना?* नाक-डोळ्यांवरून हे ठरत नाही. ती जनुकं वेगळी.

*आईमुळे मला हा आजार आला का?* कुणामुळेच नाही. आईनंही तो तिच्या आईवडिलांकडून, काही न करता, घेतलेला असतो. यात कुणाचं पाप नाही आणि कुणाचा पायगुण नाही.

*घरात कुणालाच कर्करोग नाही, मग बेफिकीर राहावं का?* नाही. बहुतेक कर्करोग अशाच घरांत होतात. एचपीव्हीची लस, तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी आणि तंबाखू-मिश्रीपासून लांब राहणं हे सगळ्यांसाठीच आहे.

गृहपाठ, या वेळी मोठ्यांसाठी

या दिवाळीत लेकी माहेरी येतील. मावशा, आत्या, आज्या एका घरात जमतील. फराळ झाल्यावर एक कोरा कागद घ्या आणि आजीला विचारा: तुझी आई कशानं गेली, तुझ्या बहिणी कशानं गेल्या, तेव्हा त्यांचं वय काय होतं? पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. बहुतेक घरांत त्या कागदावर काळजीचं काहीच निघणार नाही, आणि उगाच बाळगलेली एक भीती कमी होईल. थोड्या घरांत मात्र दोन-तीन काळे गोल एका रेषेत दिसतील. त्यांनी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं. आज्या आहेत तोवर हे विचारून घ्यावं, कारण ही माहिती दुसरीकडे कुठल्याच दप्तरात नाही.

पाठ आवडला, वर्गात वापरला, तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.